डेकच्या खोक्यावरचे ५० वॅट जातात कुठे?

कार डेकोरच्या दुकानात काचेमागं मांडलेल्या कुठल्याही डेकचं, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचं खोकं हातात घ्या. त्यावर ठळक अक्षरांत '५० वॅट × ४' असं छापलेलं सापडेल. म्हणजे एकूण दोनशे वॅट. शेजारच्या बेसट्यूबवर, म्हणजे नळकांड्यात बसवलेल्या बेसच्या स्पीकरवर, तर हजार-दीड हजारही लिहिलेले असतात. आता तोच डेक उलटा करून मागचा फ्यूज पाहा. बहुधा तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास, फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. त्याला १० अँपिअरनं गुणलं, तर असा डेक सलगपणे फार तर १४४ वॅट आत घेऊ शकतो. त्यातले काही उष्णतेत जाणार, काही पडद्याला लागणार. मग बाहेर दोनशे कसे निघतील?

निघत नाहीत. पण छापणाऱ्यानं तो आकडा हवेतूनही काढलेला नाही. डेकमधली ॲम्प्लिफायरची चिप बॅटरीचा व्होल्टेज वाढवू शकत नाही. ती फार तर स्पीकरच्या एका टोकाला पूर्ण १४.४ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला शून्य देऊ शकते, आणि पुढच्या क्षणी याच्या उलट. गाडीतले स्पीकर साधारणपणे ४ ओहमचे असतात. शाळेतलं सूत्र लावा, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ नं भागलं की ५२ वॅट. हाच तो खोक्यावरचा आकडा. फक्त हे गणित चौकोनी लहरीचं आहे, म्हणजे विद्युतदाब सतत या किंवा त्या टोकालाच चिकटलेला. गाण्यातल्या लहरी अशा नसतात. वळणदार साइन लहरीचा शेंडा १४.४ व्होल्टला टेकला, तर तिचा प्रभावी व्होल्टेज १०.२ भरतो आणि शक्ती २६ वॅट. चिप स्वतःसाठी थोडे व्होल्ट राखून ठेवते, त्यामुळे स्वच्छ आवाजासाठी हाती उरतात १८ ते २० वॅट. चांगल्या कंपन्या हा आकडा माहितीपुस्तिकेत 'आरएमएस' या नावानं, बऱ्याचदा बारीक टायपात देतात. खरेदी करताना तेवढाच वाचावा. 'पीएमपीओ' हा आणखी वरचा मासला. त्याची सर्वमान्य व्याख्याच नाही, त्यामुळे छापणाऱ्याची मर्जी हेच त्याचं एकक.

व्होल्टेजचा हा तुटवडा गाडीतल्या आवाजाला जन्मापासूनच आहे. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० साली आपल्या मोटारीत रेडिओ बसवला आणि रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनासाठी ती गाडी थेट अटलांटिक सिटीला नेली. मोटोरोलाची सुरुवात ती. त्या काळी रेडिओत निर्वात नळ्या असत आणि त्यांना शंभराच्या घरात व्होल्ट लागत. मोटारीची बॅटरी तर तेव्हा ६ व्होल्टची. म्हणून रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीत कोंबाव्या लागत. पुढे व्हायब्रेटर आला. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडायची-जोडायची. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्ट वाढवून घेता येतो. ट्रान्झिस्टर आल्यावर नळ्या गेल्या आणि व्हायब्रेटरही गेला. पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५५ साली बाजारात आणला.

गंमत अशी, की आज सीटखाली बसवतात त्या वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये व्हायब्रेटर परत आलेला आहे, फक्त हलणाऱ्या पट्टीशिवाय. ॲम्पच्या पेटीत मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि १२ व्होल्टचे २५-३० किंवा त्याहून जास्त करून देतात. डेकला न जमणारं काम हे एवढंच. शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं वाढत असल्यामुळे व्होल्टेज दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. घरातले स्पीकर बऱ्याचदा ८ ओहमचे आणि गाडीतले ४ ओहमचे, यामागंही हेच कारण. दाब वाढवता येत नसेल तर विरोध कमी करून जास्त प्रवाह ओढायचा.

पण वीस वॅट खरंच कमी आहेत का? आपला कान शक्तीचा हिशेब सरळ ठेवत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, आणि हा फरक 'हो, थोडं मोठं झालं' इतकाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. याउलट स्पीकरची संवेदनशीलता पाहा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल ऐकू येतात, तो आकडा. ८७ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला, तर एकही वॅट न वाढवता दुप्पट शक्तीचं काम होतं. दुकानात हा आकडा कोणी विचारत नाही, आणि न विचारता कोणी सांगतही नाही. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर एक मीटर अंतरावर १०३ डेसिबल देईल. रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅटही पुरतात.

ॲम्प लागतो तो तबल्याच्या थापेसाठी, ढोलाच्या टिपरूसाठी. अशा आघाताच्या क्षणी सरासरीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त शक्ती लागते. ती नसली की लहरीचे शेंडे सपाट छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेली लहर चौकोनाकडे झुकते, तिच्यात मुळात नसलेले चढे स्वर भरतात आणि ते सगळे ट्विटरकडे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या, नाजूक स्पीकरकडे जातात. म्हणून कमी ताकदीचा ॲम्प शेवटच्या टोकापर्यंत पिळला की ट्विटर जळतो. ॲम्पवरची 'गेन'ची खुंटीही याच चुकीला आमंत्रण देते. लोक तिला आवाजाची खुंटी समजून पूर्ण फिरवतात. डेककडून येणाऱ्या सिग्नलच्या पातळीशी ॲम्प जुळवून घेणं, एवढंच तिचं काम. डेकचा आवाज पाऊण करावा, गेन हळूहळू वाढवावा आणि आवाज फाटायच्या अलीकडे थांबावं.

आता दाराकडे येऊ, कारण माझ्या मते गाडीतल्या आवाजाचं अर्धं भवितव्य तिथं ठरतं. स्पीकरचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकूच्या आकाराचा पडदा, पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या बरोबर उलट. त्या भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. बादलीतल्या पाण्यात तळहात उभा धरून सावकाश हलवला, तर लाट उठत नाही, पाणी कडेनं वळून मागं जातं. खालच्या स्वरांचं तसंच होतं. म्हणून घरातला स्पीकर बंद खोक्यात असतो. गाडीत खोकं म्हणजे दार, आणि दार हे खोक्याच्या कामाला अगदी नालायक. आतला पत्रा भोकांनी भरलेला, बाहेरचा पत्रा पातळ, वर काचेची फट. मागची लहर या भोकांतून पुढं येते आणि बेस गिळते. उरलासुरला बेस पत्रा हलवण्यात खर्च होतो आणि दार खडखडतं.

यावर उपाय साधा आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवायची, आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाकायची, आणि स्पीकर थेट प्लास्टिकवर न बसवता घट्ट रिंगवर, फटीत फोम देऊन बसवायचा. पत्र्याचं वजन वाढलं की त्याचा थरथराट कमी होतो, आणि ब्यूटाइल ती कंपनं उष्णतेत जिरवतं. कंपनीनं दिलेल्या साध्या स्पीकरचाही आवाज यानं भरीव होतो. मात्र दाराच्या अगदी तळाशी पाणी निघून जायची छोटी छिद्रं असतात, ती कधीही बुजवू नयेत. काचेवरून ओघळणारा पाऊस दाराच्या आतूनच खाली उतरतो. कोकणातल्या पावसाळ्यात ती छिद्रं बंद राहिली तर दार आतून गंजणार, हे ठरलेलं. कार स्पीकरचे कोन बहुतेक वेळा कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलिनचे का, याचं उत्तरही या ओलीत आहे.

एकच स्पीकर सगळे स्वर नीट वाजवू शकत नाही. खालच्या स्वरांना पुष्कळ हवा ढकलायला मोठा कोन हवा, वरच्या स्वरांना झटकन हलणारा हलका. कोॲक्सियल प्रकारात ट्विटर मोठ्या कोनाच्या मधोमध असतो. बसवायला सोपा आणि स्वस्त. कंपोनंट सेटमध्ये तो वेगळा, डॅशबोर्डच्या कोपऱ्याजवळ. वरचे स्वर सरळ रेषेत जातात आणि पायाजवळून निघाले तर गुडघ्यांत अडकतात, म्हणून ही उठाठेव. कोणते स्वर कुणाकडे जायचे, ते क्रॉसओव्हर ठरवतो. डेकच्या मेनूत 'हाय पास' सापडला आणि सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर) असेल, तर दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काम देऊ नका. तेवढ्या एका बदलानं ते मोकळे वाजू लागतात.

सबवूफर, म्हणजे बाजारातला 'बफर', याच्या बाबतीत मात्र गाडी घरापेक्षा नशीबवान आहे. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळपास ७ मीटर लांब असते. अडीच मीटरच्या बंद केबिनमध्ये ती मावतच नाही. मग लहर पसरण्याऐवजी सगळ्या केबिनमधला हवेचा दाबच एकदम वर-खाली होतो. साधारण ७० हर्ट्झच्या खाली, जसजसा स्वर उतरेल तसतशी ही मदत वाढत जाते. म्हणून गाडीत आठ किंवा दहा इंची सबवूफर छोट्या बंद पेटीत बसवला, तरी घरच्या मानानं खोल वाजतो. बेसट्यूबला बहुधा हवेची नळी असते. ती ठरावीक स्वरापाशी आवाज उचलून धरते, त्यामुळे दणका जास्त आणि स्वरांमधला फरक कमी. वरातीसाठी ठीक. पखवाज ऐकायचा असेल तर बंद पेटी.

महामार्गावर टायरचा घरघराट मुख्यतः खालच्या स्वरांचा असतो आणि तो नेमका गाण्यातला बेस झाकतो. धावत्या गाडीत बेस वाढवून घेतला की सिग्नलला थांबल्यावर तोच अंगावर येतो, ते यामुळेच.

चालक उजवीकडे बसतो, म्हणजे उजव्या दाराचा स्पीकर कानापासून सुमारे ९० सेंटिमीटर आणि डावा १४० च्या आसपास. या अर्ध्या मीटरसाठी आवाजाला दीड मिलिसेकंद जास्त लागतो. एवढासा उशीर मेंदूला पुरतो. जो आवाज आधी पोचतो त्याच बाजूनं गाणं येतंय असं तो धरून चालतो, आणि गायिका समोर उभी राहण्याऐवजी उजव्या दारात जाऊन बसते. बऱ्या डेकमध्ये 'टाइम अलाइनमेंट' असतं. त्यात जवळच्या स्पीकरला मुद्दाम उशीर लावतात. टेपनं अंतर मोजून आकडे भरले की आवाज डॅशबोर्डच्या मधोमध येतो. शेजारी बसलेल्याचं मात्र नुकसान होतं, त्याला इलाज नाही.

पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा: आधी पुढचे दोन स्पीकर आणि त्यांची दारं, मग ॲम्प, मग छोटा सबवूफर. मागचे स्पीकर सर्वांत शेवटी, किंवा नाहीच. मैफलीत कोणी पाठीमागून गात नाही. डेक तर हल्ली बऱ्याच गाड्यांत बदलताच येत नाही, कारण कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं त्याच पडद्याला जोडलेली असतात. अशा वेळी स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा ॲम्प मिळतो. वायरी तोडू द्यायच्या नाहीत, गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर, म्हणजे मूळ सॉकेटात बसणारी तयार जोडणी मागायची.

वायरिंगमध्ये कंजुषी केली तर ती जिवावर बेतू शकते. खरेखुरे ५०० वॅट देणारा क्लास डी ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण ताकदीत ४५ अँपिअर ओढतो. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून ८-९ अँपिअर घेतात, यावरून अंदाज येईल. एवढ्या प्रवाहाला जाड वायर हवी, आणि बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून वायरीसाठी असतो: पत्र्याच्या धारेवर तिचं आवरण कापलं गेलं, तर आग लागण्याआधी फ्यूज उडावा. स्वस्त किटमधली वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. सुरीनं तार खरवडली आणि आत पांढरं दिसलं, तर ती परत करा.

काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी दोन तपासण्या करून घ्या. इंजिन चालू ठेवून, गाणं बंद करून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर अल्टरनेटरचा आवाज आत शिरतोय. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्ट घट्ट केला, किंवा आरसीए केबल (डेककडून ॲम्पकडे सिग्नल नेणारी) बॅटरीच्या वायरीपासून दूर, दुसऱ्या बाजूनं ओढली, की ती सहसा जाते. दुसरी तपासणी ध्रुवांची. बॅलन्स मधोमध असताना बेस पातळ आणि एका बाजूला सरकवल्यावर भरदार वाटत असेल, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. कोणत्या, ते कळायला एकेका स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवून घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा, अधिकचं टोक अधिकच्या वायरीला. कोन बाहेर सरकला तर जोडणी बरोबर, आत ओढला गेला तर फिटरला दार पुन्हा उघडायला सांगा.