राखणदाराला गिळणारी पेशी

खानापूरच्या भातखाचरात किंवा निपाणीच्या तंबाखूच्या रानात राबणाऱ्याच्या तळव्यावर काळा डाग उठला, की घरात पहिला शब्द निघतो तो ‘कुरूप’. मग बिब्बा लावायचा, ब्लेडने कड तासायची. मेलानोमा हा कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत बहुतेक उन्हाने पोळलेल्या कातडीवर येतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर नाहीतर नखाखाली निघतो, म्हणून ही गल्लत होते. याच रोगाच्या पेशी शेजारच्या जिवंत पेशी गिळतात, आणि हे उमगायला फार वर्षे गेली.

एक पेशी दुसरे काही गिळते, हे आधी दिसले ते शरीराच्या राखणीत. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेच्निकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो भटक्या पेशींनी काट्यांना वेढा घातलेला. भक्षक पेशींच्या या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पाउल एर्लिख यांच्यासोबत मिळाले.

कर्करोगाच्या गाठींत पेशीच्या पोटात पेशी दिसते, ही नोंदही जवळपास तेवढीच जुनी. आतली पेशी गोल, आणि बाहेरचीचे केंद्रक कडेला रेटले जाऊन चंद्रकोरीसारखे वाकलेले. म्हणून नाव पडले ‘पक्ष्याचा डोळा’. पण काचपट्टीवरची पेशी मेलेली, रंगवलेली. तिने शेजारणीला गिळले, की शेजारीणच आत शिरली, हे त्यावरून सांगणार कसे? दोन्ही घडते. आपणहून आत शिरण्याच्या प्रकाराला २००७ साली ‘एन्टोसिस’ हे नाव मिळाले.

त्याच्या आदल्याच वर्षी रोममधल्या स्तेफानो फाइस यांच्या गटाने मेलानोमाच्या पेशी जिवंत लिम्फोसाइट खाताना दाखवल्या. लिम्फोसाइट म्हणजे कर्करोगावर चालून जाणारे आपले राखणदार. पेशींना उपाशी ठेवले की ही भूक वाढे, आणि खाल्लेल्यावर त्या तगून राहत. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की मूळ डागातल्या पेशी असे करत नव्हत्या. करत होत्या त्या पसरलेल्या गाठींतल्या. तळव्याच्या डागामागून जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येते, तिथे रोग पसरलेला असू शकतो.

२००९ मध्ये याच गटाने या भुकेमागचे एक जनुक दाखवले, टीएम९एसएफ४. त्याचा भाऊबंद मातीतल्या एका अमीबात आधीच सापडला होता. तिथे तो जीवाणू गिळण्याच्या कामी येतो.