एलएसयू टायगर्स फुटबॉल संघ : २०१९चा हंगाम

अमेरिकेतील लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, अमेरिकन फुटबॉल संघाने २०१९च्या हंगामात सर्व १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. संघाने ७२६ गुण केले. विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात एका हंगामात तोवर इतके गुण कोणीही केले नव्हते.

बॅटन रूज शहरातल्या या संघाची जुनी ओळख वेगळी होती. भक्कम बचाव करायचा आणि चेंडू बगलेत धरून धावत पुढे सरकायचे, हा तिथला खाक्या. जानेवारी २०१२मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अलाबामाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांना २१–० असे हरवले. त्या दिवशी एलएसयूला मैदानाची मध्यरेषा एकदाच ओलांडता आली. तो सामना धरून अलाबामाकडून ओळीने आठ पराभव झाले, तरी खेळ फारसा बदलला नाही.

प्रशिक्षक एड ओर्जरॉन यांनी २०१९च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या तिशीही न गाठलेल्या साहाय्यकाला आणले. ब्रेडी आणि आक्रमणाचे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर यांनी मैदानभर पाच झेलकरी पसरवून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जो बरो याला निर्णयाची मोकळीक दिली. ओहायो स्टेटमध्ये राखीव म्हणून बसलेल्या बरोने २०१८मध्ये एलएसयूकडून १६ टचडाउन पास, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचून सहा गुण मिळवून देणारे पास, दिले होते; २०१९मध्ये ६०. एवढी झेप केवळ योजनेने साधत नाही. जामार चेस, जस्टिन जेफरसन आणि धावपटू क्लाइड एडवर्ड्स-हिलेर एकाच संघात असणे हेही नशीबच.

खरी चुणूक ७ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये दिसली. टेक्सासविरुद्ध शेवटची अडीच मिनिटे उरली असताना आणि चेंडू आपल्याकडे राखायला १७ यार्ड हवे असताना वेळ काढण्याऐवजी बरोने जेफरसनला पास दिला. ६१ यार्डांचा टचडाउन झाला. सामना ४५–३८. जुन्या एलएसयूने तिथे धावण्याचाच मार्ग धरला असता. फक्त ऑबर्नने त्यांना २३ गुणांवर रोखले, पण तोही सामना ऑबर्न २०–२३ असा हरले. ९ नोव्हेंबरला टस्कलूसात अलाबामावर ४६–४१ असा विजय मिळाला आणि आठ पराभवांची मालिका तुटली. बचाव मात्र डळमळीत होता: ओल मिसने ३७ गुण काढले. तो सावरला हंगामाच्या अखेरीस. टेक्सास ए अँड एमला ७ आणि एलएसयू ज्या विद्यापीठ-गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला १०च गुण मिळाले.

बरोला विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना त्याने ओहायोतील आपल्या अ‍ॅथेन्स परगण्यातील उपाशी मुलांचा उल्लेख केला, आणि तिथल्या अन्नपेढीकडे देणग्यांचा ओघ लागला.

राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाचा ६३–२८ असा धुव्वा उडाला. बरोचे सात टचडाउन पास मध्यंतरापूर्वीच झाले होते. त्याच सकाळी एन्समिंगर यांची सून विमान अपघातात गेली होती, तरी त्यांनी सामना हाताळला. १३ जानेवारी २०२०ला राष्ट्रीय अंतिम सामन्यात, पुन्हा सुपरडोममध्येच, सलग २९ सामने जिंकलेल्या क्लेमसनने १७–७ अशी आघाडी घेतली. एलएसयूने सामना ४२–२५ असा जिंकला.

त्यानंतरच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, संघाचे १४ खेळाडू निवडले गेले, बरो सर्वांत पहिला. ब्रेडी कॅरोलिना पँथर्सकडे आणि बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठात गेले. २०२०मध्ये एलएसयूने पाच सामने जिंकले, पाच गमावले; ओर्जरॉन २०२१च्या हंगामानंतर पदावर राहिले नाहीत.