जवसाच्या तेलातून इपॉक्सी

क्रिकेटच्या नव्या बॅटला जवसाचं तेल लावतात. काही दिवसांत ते सुकून त्याचा पातळ थर बनतो. हे सुकणं पाणी वाळण्यासारखं नसतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. ही जोडणी घडते ती स्निग्धाम्लांच्या (तेलाच्या रेणूचे घटक) साखळ्यांमध्ये कार्बनच्या दोन अणूंना जोडणाऱ्या दुहेरी बंधांमुळे. जवस तेलाच्या एका रेणूत असे सरासरी सहा बंध असतात, सोयाबीन तेलात साडेचारच्या आसपास. याच बंधांच्या जोरावर तेलापासून इपॉक्सी रेझिन, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी जोडून घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य, करता येतं.

तेलात ॲसेटिक किंवा फॉर्मिक आम्ल आणि उत्प्रेरक मिसळून ढवळत राहायचं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब सोडायचं. त्यातून तयार होणारं परआम्ल दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा एक अणू बसवतं. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं हे त्रिकोणी वलय म्हणजेच इपॉक्सी गट. तापमान साधारण 50 ते 70 अंश सेल्सिअस ठेवतात. अभिक्रिया स्वतःच बरीच उष्णता सोडते, म्हणून पेरॉक्साइड ओतण्याची घाई धोक्याची. आम्ल किंवा उष्णता जास्त झाली तर तयार झालेली वलयंही उघडतात आणि मेहनत वाया जाते. काम किती झालं हे आयोडीन मूल्य (उरलेल्या दुहेरी बंधांचं माप) उतरल्यावरून आणि वलयांतल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून कळतं.

खरी अडचण पुढे आहे. बाजारातलं नेहमीचं इपॉक्सी बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन या रसायनांपासून बनतं. त्याच्या रेणूचा गाभा ताठ, आणि वलयं टोकांना, म्हणजे हार्डनरच्या (रेझिन घट्ट करणारं रसायन) सहज हाती लागणारी. तेलात मात्र वलयं लांब, लवचीक साखळीच्या मध्ये दडलेली असतात. अमाइन प्रकारचा हार्डनर तिथे फार हळू काम करतो. म्हणून बहुतेक वेळा अनहायड्राइड प्रकारचा हार्डनर वापरून रेझिन तापवावं लागतं. तरीही निव्वळ तेलाचं रेझिन मऊच राहतं. नेहमीच्या इपॉक्सीत ते थोडं मिसळलं तर ठिसूळपणा कमी होतो, पण प्रमाण वाढवत नेलं की ताठपणा आणि उष्णता सोसण्याची क्षमता घसरते. त्यामुळे एखाद्या वस्तूवर नुसतं 'वनस्पतिजन्य' लिहिलेलं मला पुरेसं वाटत नाही. त्यात तेलाचा वाटा किती, हे सांगायलाच हवं.

हा ताठपणा भरून काढतात रेझिनमध्ये घातलेले तंतू. इथे जवस पुन्हा उपयोगी पडतं. विदर्भात बियांसाठी पेरलं जाणारं जवस आणि फ्रान्स-बेल्जियममध्ये लिननच्या धाग्यासाठी घेतलं जाणारं फ्लॅक्स ही एकाच प्रजातीची पिकं आहेत. धाग्याचे वाण उंच आणि कमी फांद्यांचे, एवढंच. या तंतूची घनता काचतंतूच्या साधारण 60 टक्के. आपल्याकडचे ताग, अंबाडी, घायपातही असेच हलके. पण सगळ्यांना पाण्याची ओढ, आणि रेझिन तेलकट. म्हणून तंतू आधी सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून धुतात. वरचा मेणचट थर निघतो आणि रेझिनला धरायला खडबडीत पृष्ठभाग मिळतो.

ही पकड बसली की नाही, ते चाचण्यांत उघड होतं. तंतू घातलेल्या रेझिनची पट्टी ताणून तोडतात, दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबतात, हातोड्याच्या एका घावात मोडतात, पाण्यात बुडवून वजन किती वाढलं ते पाहतात. मला सगळ्यात बोलकी वाटते ती तुटलेल्या कडेची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा. तंतू स्वच्छ उपटून निघाले असतील आणि मागे गोल भोकं राहिली असतील, तर पकड कच्ची. तंतू रेझिनच्या पातळीवरच तुटलेले आणि त्यांना रेझिन चिकटलेलं दिसलं, तर भार खरोखर तंतूंवर गेला होता. ताकदीचा आकडा कमी का आला, याचं उत्तर अनेकदा इथेच सापडतं.

तेल शेतातलं असलं तरी एकदा घट्ट झालेलं हे रेझिन मातीत सहज कुजत नाही, आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. या दुसऱ्या अडचणीवर 2011 मध्ये पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटाने एक वाट दाखवली. त्यांनी वनस्पती तेलांतून मिळणाऱ्या स्निग्धाम्लांनी इपॉक्सी घट्ट केलं आणि त्यात जस्ताचा उत्प्रेरक घातला. तापवल्यावर त्यातले रेणूंना जोडणारे एस्टर बंध जागा बदलतात, त्यामुळे पदार्थ न वितळताही नव्या आकारात घडवता येतो.