शिडाच्या सफरी नौकेची देखभाल व दोषशोधन

लांबच्या सागरी प्रवासासाठी बांधलेली, साधारणतः 9 ते 15 मीटर लांबीची आणि बहुधा दोन-चार माणसांनीच चालवायची शिडाची नौका सुस्थितीत ठेवणे, तसेच तिच्यात बिघाड झाल्यास त्याचे मूळ शोधून तो जागच्या जागी दूर करणे, या दोन्ही कामांचा या विषयात समावेश होतो. अशा नौकेवर पाणीपुरवठा, सांडपाणी, वीज व स्वयंपाकाचा गॅस अशी एका छोट्या घराची सगळी व्यवस्था असते आणि त्याखेरीज डोलकाठी, शिडे, सुकाणू, नांगर व डिझेल इंजिनही असते. हे सारे खाऱ्या हवेत, कधीही न थांबणाऱ्या हेलकाव्यांत आणि हात शिरणार नाही अशा सांदीकोपऱ्यांत बसवलेले असल्यामुळे जमिनीवरच्या यंत्रांच्या मानाने त्याची झीज फार लवकर होते.

देखभाल आणि दोषशोधन यांचा विचार पुष्कळदा वेगवेगळा केला जातो. नौकेवर मात्र ते एकाच कामाचे दोन प्रसंग असतात. भार, पाणी, इंधन आणि वीज यांपैकी प्रत्येकाला नौकेतून जाण्याचा ठरलेला मार्ग असतो. निवांत वेळी हा मार्ग ज्याने टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपलेला असतो, त्यालाच तो रात्री, डुलणाऱ्या नौकेत, विजेरीच्या उजेडात सापडतो. समुद्रावर अचानक झाल्यासारखे वाटणारे बहुतेक बिघाड किनाऱ्यावर असतानाच दिसण्याजोगे असतात.

कवच व पाण्याखालचा भाग : आजच्या बहुसंख्य सफरी नौकांचे कवच फायबरग्लासचे असते. ते कुजत नाही हे खरे असले, तरी ते पाणी मुळीच शोषत नाही ही समजूत चुकीची आहे. जेलकोट या बाहेरच्या गुळगुळीत राळेच्या थरातून झिरपलेले पाणी आतल्या पॉलिएस्टर राळेतील विद्राव्य घटकांशी मिळून आम्लधर्मी द्रव तयार करते आणि त्याच्या दाबाने कवचावर फोड येतात. फोड फोडल्यावर येणारा व्हिनेगरसारखा वास ही या विकाराची ओळखीची खूण होय. नौकामालक या फोडांना जेवढे घाबरतात तेवढे ते सहसा घातक नसतात. कवच खरवडून पुरेसे वाळवणे आणि त्यावर इपॉक्सीचे थर देणे हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे. खरे दुर्लक्ष होते ते डेककडे. डेकच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा लाकडाचा गाभा असतो आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून शिरलेले पाणी त्या गाभ्यात वर्षानुवर्षे पसरत राहते. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेकवर हलके ठोके देत गेल्यास निरोगी भाग टणक वाजतो आणि कुजलेला भाग बद्द आवाज देतो. म्हणून डेकवर काहीही नव्याने बसवताना भोक आधी हवे त्याहून मोठे पाडून ते इपॉक्सीने भरतात आणि त्या भरावातच पुन्हा योग्य मापाचे भोक पाडतात, म्हणजे पुढे सीलंट फाटले तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

नौकेला उलटू न देणारी, तळाला बोल्टांनी जोडलेली जड कील हा भारमार्गाचा सर्वांत खालचा टप्पा आहे. 2014 च्या मे महिन्यात अटलांटिक महासागरात ‘चीकी रफिकी’ या सुमारे 12 मीटर लांबीच्या नौकेची कील सुटून ती उलटली आणि तिच्यावरील चौघांचा अंत झाला. पूर्वी तळ जमिनीला लागल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील जेथे जोडलेली होती तेथील बांधा कमकुवत झाला असण्याची शक्यता ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने आपल्या अहवालात नोंदवली. नौका खडकाला किंवा वाळूला हलकीशी जरी लागली, तरी आतल्या आडव्या पट्ट्यांचे जोड, कीलचे बोल्ट आणि कीलच्या पुढच्या-मागच्या कडेजवळचे केसासारखे तडे लगेच तपासावेत ते याचसाठी.

कवचाला मुद्दाम पाडलेली भोके हा सर्वांत मोठा धोका असूनही त्यांची तपासणी सर्वांत कमी होते. शौचालय, मोरी आणि इंजिनाचे थंड पाणी यांसाठी पाण्याखाली भोके असतात व प्रत्येकावर सी-कॉक नावाची झडप असते. पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर असलेल्या 38 मिलिमीटर व्यासाच्या भोकातून मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येऊ शकते. विजेच्या पंपावर छापलेला आकडा आदर्श स्थितीतला असतो. नळीची उंची, वळणे आणि उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी पाणी उपसले जाते, त्यामुळे पंप आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. साध्या पितळेच्या झडपेतील जस्त खारे पाणी हळूहळू काढून घेते आणि मागे गुलाबी छटेचे, बिस्किटासारखे ठिसूळ तांबे उरते. ब्रॉंझ किंवा जस्त-क्षयाला दाद न देणारे खास पितळ याच कारणासाठी वापरतात. झडपेचा दांडा महिन्यातून एकदा उघडबंद करावा, नळीवर दोन पट्ट्या आवळाव्यात आणि भोकाच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी झडपेशेजारीच दोरीने बांधून ठेवावी. पेटीत कुठेतरी ठेवलेली खुंटी पाणी घोट्यापर्यंत चढल्यावर सापडत नाही.

खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू विद्युतदृष्ट्या जोडले गेले की त्यांतील कमी राजस, म्हणजे अधिक सहज क्षरणारा, धातू झिजतो. पंखा (नौका पुढे ढकलणारा प्रोपेलर) आणि त्याचा दांडा वाचावा म्हणून त्यांच्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडा बसवतात आणि निम्मा झिजला की तो बदलतात. तुकडा वर्षानंतरही नवाकोरा दिसत असेल, तर ती आनंदाची बाब नसून त्याचा धातूशी संपर्क तुटल्याची खूण असते. उलट तो काही आठवड्यांतच संपत असेल, तर धक्क्यावरून घेतलेल्या विजेच्या जोडणीत किंवा नौकेच्याच तारांत कोठेतरी प्रवाहाची गळती शोधावी लागते. तळावर शेवाळ व बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) धरू नयेत म्हणून देण्यात येणाऱ्या रंगांत आज मुख्यतः तांब्याची संयुगे असतात. पूर्वी वापरात असलेले ट्रायब्युटिल टिन अधिक गुणकारी होते, पण त्याने कालवांच्या पैदाशीची हानी होत असल्याचे दिसल्यावर फ्रान्सने 1982 मध्ये लहान नौकांवरील त्याच्या वापराला आळा घातला. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा 2001 चा करार 2008 मध्ये अमलात येऊन त्यावर जगभर बंदी आली.

लाकडी नौकांच्या बाबतीत फळ्यांमधील सांधे हाच मुख्य चिंतेचा विषय असतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या काळात ‘सुहेली’ या सुमारे 10 मीटर लांबीच्या सागवानी नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. या प्रवासाच्या आरंभीच कीलजवळचा सांधा उघडून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी भर अटलांटिकमध्ये बुड्या मारून सांध्यात कापूस ठासला आणि वर कॅनव्हास व तांब्याची पट्टी ठोकली.

डोलकाठी व तारा : डोलकाठी उभी राहते ती तारांच्या ताणामुळे, आणि एक तार तुटली तरी ती कोसळू शकते. तारा स्टेनलेस पोलादाच्या असतात. हे पोलाद गंजत नाही ते त्यावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि हा थर टिकायला प्राणवायू लागतो. म्हणूनच उघड्यावरची चकचकीत तार वर्षानुवर्षे टिकते, पण डेकच्या आरपार जाणारी आणि ओलसर सीलंटमध्ये अडकलेली चेनप्लेट, म्हणजे तार नौकेला जोडणारी धातूची पट्टी, आतल्या आत खड्डे पडून अर्धी होते. वरून दिसते ती फक्त एक तपकिरी रेघ. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत पाणी साचते, त्यामुळे खालची टोके वरच्यांपेक्षा आधी तडकतात. टोकाभोवती कापडाचा तुकडा किंवा टिश्यू कागद गुंडाळून वर-खाली फिरवल्यास तुटलेला एकच धागाही त्यात अडकतो. उघडा हात फिरवू नये. एक धागा तुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत असे समजून ती तार बदलावी. दिसायला निर्दोष असल्या तरी उभ्या तारा 10 ते 15 वर्षांनी बदलण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे आणि अनेक विमा कंपन्याही तसा आग्रह धरतात.

शिडांचे कापड सहसा वाऱ्याने नव्हे, तर उन्हाने आणि घासण्याने निकामी होते. पॉलिएस्टरच्या शिडात आधी जाते ती शिवण, कारण दोरा कापडाच्या वर उघडा राहतो. नखाने खरवडल्यावर दोरा तुटत असेल तर ते शीड पुन्हा शिवायला द्यावे. विंचची, म्हणजे दोर ताणण्याच्या हातचक्राची, सफाई हे सोपे काम आहे, फक्त त्यात एक ठरलेली फजिती होते. ड्रम वर उचलताना आतल्या ग्रीझला चिकटून आलेली खिटी (ड्रम उलटा फिरू न देणारा छोटा अडसर) किंवा तिची नखाएवढी स्प्रिंग टपकन सुटते आणि दोन उड्या घेऊन पाण्यात जाते. म्हणून तळ कापलेले पुठ्ठ्याचे खोके विंचभोवती कुंपणासारखे ठेवून मगच ड्रम काढतात. दातांना ग्रीझ लावावे, पण खिट्यांना फक्त पातळ तेल द्यावे. ग्रीझने खिट्या चिकटल्या तर ताण असताना हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते.

इंजिन : डिझेल इंजिनाला स्वच्छ इंधन, हवा आणि पुरेसा दाब एवढेच लागते, आणि समुद्रावरचे त्याचे बहुतेक रुसवे यांतील पहिल्यामुळेच असतात. टाकीतील हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊन तळाशी पाणी साचते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट गाळ होतो. शांत पाण्यात हा गाळ निपचित पडून असतो. नौका बंदराच्या तोंडाशी येऊन उसळत्या लाटांत सापडली की तो ढवळून वर येतो आणि ज्या क्षणी इंजिन सर्वाधिक हवे असते त्याच क्षणी गाळणी तुंबते. इंजिन आचके देत, वेग कमी-जास्त करत बंद पडले तर इंधनाचा मार्ग तपासावा. एका झटक्यात थांबले तर पंख्यात दोर गुंतल्याचा संशय आधी घ्यावा. गाळणी बदलल्यानंतर नळ्यांत शिरलेली हवा काढण्यासाठी कोणता स्क्रू किती सैल करायचा, हे धक्क्याला बांधलेल्या नौकेत एकदा करून पाहिलेले असावे.

थंड पाण्याचा मार्ग सी-कॉकपासून सुरू होऊन गाळणी, रबरी इम्पेलरचा (पाती असलेल्या फिरत्या चाकाचा) पंप, इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारा हीट एक्स्चेंजर आणि धुराड्याचे वाकण यांतून पुन्हा समुद्राकडे जातो. इंजिन सुरू करताच मागे वाकून धुराबरोबर पाणी पडते आहे का ते पाहावे. पाणी येत नसेल तर याच क्रमाने तपासत जावे, कारण सर्वांत सोपे कारण, म्हणजे बंद राहिलेली झडप किंवा गाळणीत अडकलेली पिशवी, मार्गाच्या आरंभीच असते. कोरडा फिरलेला इम्पेलर थोड्याच वेळात पाती गमावतो. नवा बसवला की काम संपले असे मानणाऱ्यांचे इंजिन काही दिवसांत पुन्हा तापते, कारण तुटलेली पाती पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असतात. जुन्या इम्पेलरचे तुकडे टेबलावर जुळवून सगळी पाती मोजणे हा बालिश वाटणारा, पण अचूक उपाय आहे.

आणखी एका चुकीचा उल्लेख आवश्यक आहे. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवला, तर पंप पाणी ओढतच राहतो. ते बाहेर ढकलायला धुराचा दाब नसल्यामुळे वॉटर-लॉक (धुराच्या मार्गातील पाणी साठवणारा डबा) भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनचे दांडे वाकतात. त्यामुळे दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही तर थंड पाण्याची झडप बंद करून मगच पुढचा प्रयत्न करावा आणि इंजिन सुरू होताच ती तत्काळ उघडावी. धुराचा रंगही बराच बोलका असतो. काळा धूर हवेची टंचाई किंवा जादा भार दाखवतो, आणि हा भार कित्येकदा पंख्यावर वाढलेल्या बार्नॅकलचा असतो. निळा धूर जळणाऱ्या वंगणाचा असतो, तर पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा किंवा वाफेचा.

वीज : सफरी नौकेवरील विजेच्या तक्रारींत उपकरण बिघडल्याची उदाहरणे थोडी आणि जोडणी गंजून हिरवी पडल्याची फार. साध्या तांब्याच्या तारेत खारट ओल आवरणाखाली दूरवर चढते, म्हणून कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात आणि टोके योग्य हत्याराने दाबून बसवतात. 12 व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब, काही तास भार नसताना, पूर्ण भरलेली असल्यास सुमारे 12.7 व्होल्ट आणि निम्मी उतरल्यास सुमारे 12.2 व्होल्ट असतो. एवढ्या अर्ध्या व्होल्टमध्ये निम्मी बॅटरी संपते, हे लक्षात घेता काट्याच्या जुन्या मापकावर विसंबणे व्यर्थ आहे. स्टार्टर नुसता टक् आवाज करून थांबत असेल तर नवी बॅटरी आणण्याआधी मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी स्टार्टरच्या धन टोकावर धरून सहकाऱ्याला किल्ली फिरवायला सांगावे. मीटर अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवत असेल तर दोष त्या दोन टोकांमधल्या मार्गात आहे. मग एक सळई टप्प्याटप्प्याने जवळ आणत गेल्यास आकडा जेथे एकदम घसरतो तोच गंजलेला जोड. ऋण बाजूचीही अशीच तपासणी करावी. तिचा विसर फार जणांना पडतो.

गॅसच्या बाबतीत दोषशोधनाला वाव नसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर नौकेच्या तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद आणि समुद्राकडे निचरा असलेला असावा लागतो. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे एवढी तपासणी पुरते.

सुकाणू : चाकाच्या सुकाणूत साखळी, तारेचे दोर, कप्प्या आणि सुकाणूच्या दांड्यावरचा अर्धगोल अशी जुळणी असते, आणि ती बहुधा झोपण्याच्या फळीखाली असल्याने कोणी पाहत नाही. चाक एका माणसाने घट्ट धरावे आणि दुसऱ्याने सुकाणूचे पाते हलवून पाहावे, म्हणजे सैलपणा नेमका कोठे आहे ते कळते. आणीबाणीचा हातदांडा नौकेसोबत येतो, पण तो प्रत्यक्ष बसवून पाहिल्यावरच तो चाकाच्या खांबाला अडतो असे अनेकांच्या ध्यानात येते. 2020 पासून आयबेरियन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगत ओर्का देवमाशांनी अनेक शिडनौकांची सुकाणूची पाती मोडल्यामुळे या तपासणीला नवे महत्त्व आले आहे.

सुटे भाग निवडताना कोणता भाग मोडेल यापेक्षा कोणत्या भागाविना नौका चालणार नाही हा निकष अधिक उपयोगी पडतो. इम्पेलर, त्याच्या झाकणाचे गॅस्केट, इंधनाच्या गाळण्या, पट्टा, नळ्यांच्या पट्ट्या आणि फ्यूज हे किमान गृहीत धरलेले असते. त्यात झाकणाचे चार-सहा छोटे स्क्रूही ठेवावेत, कारण डुलणाऱ्या नौकेत पंप उघडताना इम्पेलरच्या आधी बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या खोलगट भागात, नाहीसे होतात ते हेच.