माचू पिचूचा ‘शोध’: भिंतीवरचं पुसलेलं नाव

पेरू देशातल्या डोंगरावरच्या माचू पिचू या इंकांच्या जुन्या वसाहतीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत हायरम बिंगहॅम हे नाव सतत भेटतं. नदीकाठावरून वर चढणाऱ्या नागमोडी रस्त्यालाही तेच नाव आहे. येल विद्यापीठात शिकवणारे हे अमेरिकी गृहस्थ २४ जुलै १९११ रोजी रिमझिम पावसात इथे पोहोचले. वाट दाखवली मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने, एक सोल (पेरूचं चलन) मजुरी घेऊन. वर इंकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या लोकांच्या, जुन्या पायऱ्यांच्या शेतांवर दोन कुटुंबं शेती करत होती. त्यांनी पाहुण्यांना थंड पाणी आणि शिजवलेली रताळी दिली. जिथे माणसं पिकं घेत होती, त्या जागेला ‘हरवलेलं शहर’ म्हणणं मला पटत नाही.

त्याही आधी, १९०२मध्ये, आगुस्तिन लिझारागा या स्थानिक शेतकऱ्याने इथल्या तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर कोळशाने आपलं नाव लिहिलं होतं. बिंगहॅम यांनी ते पाहिलं, टिपणवहीत नोंदवलंही. तरी जगात गाजले ते बिंगहॅमच.

मुळात ही वसाहत पंधराव्या शतकातली, सम्राट पाचाकुती याच्या काळातली. राजघराण्याने निवांत राहायला यावं अशी ही जागा, राजधानी नव्हे. राजधानी होती कुस्को. स्पॅनिशांनी १५३३मध्ये कुस्को घेतलं. पुढे इथली वस्तीही उठली, पण त्यांनी इथे मोडतोड केल्याच्या खुणा नाहीत. बिंगहॅम यांनी मात्र हीच इंकांची अखेरची राजधानी विल्काबांबा असल्याचं ठरवून टाकलं. ते चुकीचं होतं.

बांधकामाचं खरं कसब जमिनीखाली आहे. इतक्या पावसात डोंगर खचू नये म्हणून शेतांच्या पायऱ्यांत वर माती, तिच्याखाली वाळू-खडी आणि तळाशी मोठे दगड भरले आहेत. झऱ्याचं पाणी दगडी पाटाने आणून एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून खेळवलं आहे. ना लोखंड, ना चाकाची गाडी. तिथे गेलात तर मंदिरांइतकाच वेळ या कुंडांपाशी द्या.

बिंगहॅम यांच्या मोहिमांनी येलला नेलेल्या वस्तू पेरूला परत मिळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या २०११-१२मध्ये आल्या. लिझारागांचं भिंतीवरचं नाव मात्र पुसलं गेलं. ते स्वतः १९१२मध्ये नदीत बुडाले. ओयांतायतांबो या गावाहून माचू पिचूकडे येणारी आगगाडी त्याच नदीच्या काठाने धावते.