देवीचा कोप

देवीचा कोप : गावदेवी किंवा रोगाची देवी रागावली म्हणून साथ येते, मूल दगावतं, पाऊस ओढ देतो, आणि तिची समजूत काढली, तिला 'गार' केलं की संकट टळतं, ही महाराष्ट्रातली जुनी लोकश्रद्धा. मरीआई, जरीमरी, शीतला या देवींभोवती ती सगळ्यात दाट आहे. धर्मश्रद्धेत भीती आणि भक्ती यांचं नातं नेमकं काय, या प्रश्नाचं मराठीतलं सर्वांत स्पष्ट उदाहरण हेच म्हणावं लागेल, कारण इथे जिची भीती वाटते तिलाच आई म्हणतात. 'लोक भीतीपोटी देव मानतात' एवढं सांगून अनेक जण मोकळे होतात, पण त्यातून हे 'आई' म्हणणं काही उलगडत नाही.

नावाचा वाद

मरीआई या नावावर बरंच लिहिलं गेलंय आणि एकमत अजून नाही. एक मत असं की 'मरी' म्हणजे संस्कृत 'मारी', मृ धातूपासून आलेला, साथीचा रोग या अर्थाचा शब्द. देवीमाहात्म्यात (काळ साधारण सहावं शतक धरतात, काही जण थोडं अलीकडे-पलीकडे नेतात) बाराव्या अध्यायात देवीलाच 'सैव काले महामारी' म्हटलंय, म्हणजे वेळ आली की महामारी तीच, आणि त्याच अध्यायात महामारीतून उठलेले उपद्रव शमवणारं तेही तिचंच माहात्म्य. दुसरं मत दक्षिणेकडे बोट दाखवतं. तमिळमध्ये 'मारी' म्हणजे पाऊस, मारीअम्मन ही पावसाची आई, आणि मरीआई हे तिचंच मराठी रूप. दोन्ही मतांना आधार आहे. पण नुसत्या शब्दावरून देवीचा प्रवास ठरवणं धोक्याचं, एकाच उच्चाराचे दोन शब्द एका देवीपाशी येऊन मिळाले असतील ही शक्यता जास्त पटते. उन्हाळ्यात रोग देणारी आणि पाऊस आणून तोच शांत करणारी अशी एकच बाई लोकांना नको होती असं म्हणता येत नाही. 'जरीमरी'तला 'जरी' हा 'ज्वर'वरून आला असं बहुतेक जण धरतात.

तिचा सेवेकरी पोतराज, त्याच्या नावाचा प्रश्न मानाने सोपा आहे. तेलुगू 'पोतुराजू'शी त्याचा संबंध जवळपास सगळे मान्य करतात. तेलंगणात पोतुराजू हा गावदेवींचा भाऊ, राखणदार, बोनालू या देवीच्या उत्सवातल्या मिरवणुकीत तोही चाबूक घेऊन पुढे नाचतो. तेलुगूत 'पोतु' म्हणजे नर जनावर, रेडा किंवा बोकड. देवीला पूर्वी रेडा द्यायची चाल होती तिच्याशी हे जुळतं.

मरीआईची पूजा किती जुनी? पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ १८१७ साली बंगालमध्ये जेसोरकडे सुरू झाली आणि १८१८मध्ये मुंबई इलाख्यात पोचली, म्हणून काही जण मरीआईचं प्रस्थ एकोणिसाव्या शतकातलं धरतात. पण गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचं वर्णन आहे आणि त्याला इथले लोक काय म्हणतात तेही दिलंय, तो शब्द आपल्या 'मोडशी'चाच. तो रोग म्हणजे आजच्या अर्थाने कॉलरा होता का यावर वाद आहे. तरी पोट एका दिवसात रिकामं करून माणूस नेणारा आजार इथे जुना होता एवढं यावरून धरायला हरकत नाही, आणि देवी त्याहून नवी असेल असं वाटत नाही. तिचं ठिकाण बहुतेक वेशीवर, झाडाखाली, शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, मूर्ती असलीच तर नंतरची. अशा ठिकाणांवर लेखी पुरावा मिळत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवून आईदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्या-चौकांशी जोडून दाखवली (१९६२), ते काम अजूनही या बाबतीत सगळ्यात भक्कम.

रोगालाच देवी म्हणणं

इंग्रजीतल्या स्मॉलपॉक्सला मराठीत शब्दच 'देवी'. रोगाचं वेगळं नाव नाही. 'देवी आल्या', 'देवी निघाल्या', अनेकवचनी, आदराने. लस घेणं म्हणजे 'देवी काढणं', लस टोचणारा तो 'देवी डॉक्टर', आणि तोंडावर राहिलेले खड्डे ते 'देवीचे वण'. आज साठीच्या पुढे असलेल्या कुणाच्याही दंडावर तो गोल वण बघायला मिळतो आणि विचारलं तर उत्तर येतं, 'देवी काढल्यात'. रोग संपून अर्धं शतक होत आलं, भाषेतून देवी गेलेली नाही.

घरात मूल आजारी पडलं की काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. दाराला कडुनिंबाचा डहाळा. चुलीवर फोडणी बंद, तळण बंद, कारण चर्र आवाज आणि तिखट वास तिला सहन होत नाही. बाहेरून आलेल्याने थेट आत यायचं नाही. मुलाच्या अंगावरून कडुनिंबाचा पाला हळू फिरवायचा, खाजवू द्यायचं नाही, आणि मोठ्याने रागवायचं तर अजिबात नाही, कारण त्या घडीला अंथरुणावर जे पडलंय ते मूल नुसतं मूल नव्हे, तिथे देवी उतरलेली असते. म्हणून आई आपल्याच तापलेल्या पोराला हात जोडायची. फोड सुकून खपल्या पडल्या की दहीभात, ओटी, आणि मग बोळवण, पाहुणी माहेरी पाठवतात तशी.

यातलं काही वैद्यकाच्या बाजूने बरोबरच होतं, रोग्याला वेगळं ठेवणं, स्वच्छता, शांतता. पण त्यासाठी ही पद्धत निघाली असं मागाहून ठरवायची घाई करू नये. त्यापेक्षा मनाच्या अंगाने काय घडतंय ते महत्त्वाचं. रोगाशी बोलता येत नाही, देवीशी येतं. ती रागावते म्हणजे तिचा राग जाऊही शकतो, ती आली म्हणजे तिला निरोपही देता येतो. हातात काहीच नसलेल्या आईच्या हातात कडुनिंबाचा डहाळा आला, आणि रात्रभर जागायला एक काम आलं.

शीतला हे नावही याच वळणाचं. अंगाची आग करणाऱ्या रोगाच्या देवीचं नाव 'थंड'. गाढवावर बसलेली, हातात केरसुणी आणि कलश, डोक्यावर सूप हे तिचं रूप शीतलाष्टकात येतं, ते स्कंदपुराणातलं म्हणून सांगतात, काळ मात्र पक्का सांगता येत नाही. वैद्यकग्रंथांत माधवनिदानात या फोडांच्या रोगाला 'मसूरिका' म्हटलंय, आणि शीतला हे नाव रोग आणि देवी दोन्ही म्हणून ठळक दिसतं ते सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या भावप्रकाशात. गंमत म्हणजे आपल्याकडच्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या कहाणीत देवीच्या रोगाचा पत्ताच नाही. तिथे राजाने बांधलेल्या तळ्याला पाणी लागत नाही, जलदेवता नातवाचा बळी मागतात, आणि सुनेच्या व्रताने मूल परत मिळतं. म्हणजे महाराष्ट्रात शीतला ही आधी पाण्याची, गारव्याची देवी असावी आणि फोडांचा रोग तिला उत्तरेकडून येऊन चिकटला असावा, असा एक तर्क करता येतो. भीती मात्र दोन्हीकडे एकच, मूल जाण्याची.

पोतराज

आषाढात मंगळवारी-शुक्रवारी गल्लीत पोतराज येतो तेव्हा आधी आवाज येतो. बरोबरच्या बाईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा, हातात ढोलकं, ते घासून घासून वाजवतात तो घुमणारा गुबूगुबू आवाज. मग तो स्वतः, उघडा, कमरेला खणांच्या चिंध्यांचं आभरान, पायात घुंगरू, वाढवलेले केस, कपाळ हळदीकुंकवाने भरलेलं. दार उघडायला सांगतो आणि मग आसूड. सट्कन आवाज होतो, पोरं आईच्या पदरामागे जातात आणि तिथूनच डोकं काढून बघतात, पळून कुणी जात नाही. घरातली बाई सुपातून धान्य आणते, कुंकू लावून घेते. कित्येक पोतराज दंड चावून घेतात, दाभण टोचून घेतात. आपल्या घरावर पडायचा कोप तो स्वतःच्या पाठीवर घेतोय अशी बघणाऱ्याची समजूत असते.

पोतराज व्हायचा कसा हे विसरून चालणार नाही. मूल होत नव्हतं, किंवा झालेली जगत नव्हती, म्हणून आईबापांनी पहिला मुलगा मरीआईला बोललेला असतो. केस कापायचे नाहीत, आयुष्यभर मागून खायचं. भीती एकाची, नवस दुसऱ्याचा, आणि फेडणारा तिसराच, ज्याला कुणी विचारलं नाही. पोतराज बहुतेक मातंग समाजातले, मरीआईच्या सेवेचा मान काही गावांत महार समाजाकडे. मान म्हणायचं, पण गावची साथ वेशीबाहेर काढायचं काम ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्याच माथी मारलेलं होतं. साथ आली की देवीचा छोटा लाकडी गाडा पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडायचा, तिथून त्यांनी पुढे ढकलायचा, यावरून गावागावांत भांडणं व्हायची. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म घेतला त्यानंतर अनेक घरांतून मरीआई, खंडोबा यांचे देव्हारे उचलले गेले. 'कोप होईल' ही धास्ती पहिल्यांदा ओलांडणाऱ्यांचं धैर्य या विषयावरच्या लिखाणात फार थोडं नोंदवलं गेलंय, हे मनाला लागतं.

भीती आधी की भक्ती

'जगात पहिले देव भीतीने घडवले' ही लॅटिन ओळ रोमन कवी स्टेशियसच्या नावावर आहे, पेट्रोनियसच्या नावावरही सापडते, पहिली कुणाची ते ठरलेलं नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७मध्ये तेच सविस्तर मांडलं, की पुढे काय होणार याची धास्ती आणि आशा यांतून माणसाने देव उभे केले. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीचं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवरचं निरीक्षण याला जोडून सांगतात : खाडीत मासे हमखास मिळतात तिथे मंत्रतंत्र नाही, खुल्या समुद्रात जीव जायची भीती, तिथे विधीच विधी. कोकणातला गाऱ्हाण्यातला 'व्हय म्हाराजा' ऐकला की हे पटतं, मागणं एक जण घालतो आणि होकार सगळे मिळून भरतात.

जर्मन धर्मअभ्यासक रुडॉल्फ ऑटोने १९१७मध्ये वेगळं म्हटलं. पवित्र गोष्टीपुढे माणूस थरथरतो आणि त्याच क्षणी तिकडे ओढलाही जातो, ही दोन टोकं एकाच अनुभवाची. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाचं अगदी हेच होतं, 'हर्ष झालाय आणि भयाने मन व्याकूळ झालंय' असं तो एकाच श्लोकात म्हणतो आणि जुनं ओळखीचं रूप दाखव म्हणून विनवतो. भागवतात तर भीती हा चक्क एक मार्ग मानलाय : गोपी प्रेमाने पोचल्या, कंस भयाने, कारण घाबरलेल्या माणसाच्याही मनात दुसरं काही उरत नाही. नारदभक्तिसूत्रांना मात्र हे चालत नाही, तिथे भक्ती म्हणजे परमप्रेमच. तुकोबांनीही जाखाई-जोखाई या गावदेवींची धास्ती बाजूला सारून पंढरीराव धरला, आणि नाथांनी भारुडात नवस बोलणारीला असं काही बोलायला लावलं की नवसामागची घासाघीस उघडी पडली. तरीही वारीला जाणारं घर आषाढात मरीआईला दहीभात द्यायला चुकत नव्हतं.

जवळचं स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बीच्या मूल-आई नात्यावरच्या बंधसिद्धांतातून मिळतं, तो पुढे काहींनी देव-भक्त नात्याला लावला. घाबरलेलं मूल आईकडे धावतं, आणि घाबरवणारी आईच असली तरी आईकडेच धावतं, कारण दुसरीकडे जायला जागा नसते. धपाटा खाल्लेलं पोर त्याच पदरात तोंड खुपसून रडतं हे प्रत्येक घरात बघितलेलं असतं. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या क्षमापनस्तोत्रात 'कुमाता न भवति' येतं ते याच भरवशावर. कोपाला आई म्हटलं की कोप जात नाही, पण त्याला शेवट आहे असं मानता येतं. एक मेख मात्र राहते. मूल वाचलं तर आई पावली, नाही वाचलं तर आपलंच काही चुकलं, म्हणजे श्रद्धा कधीच खोटी ठरत नाही आणि दोषाचं ओझं दर वेळी घरातल्या बाईवर, बहुतेकदा सुनेवर.

नंतर

मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली. लस घेतली तर देवीचा अपमान होईल म्हणून पुढची दीडशे वर्षं विरोध होत राहिला, पण तो सगळा देवीमुळेच होता असं नाही, सरकारी माणसाचा धाक आणि जबरदस्तीही त्यात होती. १९७५मध्ये भारतात शेवटचा रोगी सापडला, १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं. देवळं राहिली. मुंबईत साकीनाक्याजवळ एका अख्ख्या वस्तीचं नाव जरीमरी आहे. कोप आता परीक्षा, कोर्टकचेरी, नोकरी, मूल न होणं यांकडे वळलाय, त्याबद्दल नीट अभ्यास फार थोडे. कोइमतूरमध्ये प्लेगची मारीअम्मन आधीपासून आहे, तिथेच २०२१मध्ये कोरोना देवीची मूर्ती बसवली गेली.