टक्केवारी (रोजच्या हिशोबातली)

टक्केवारी म्हणजे शंभरामागे किती ते सांगायची पद्धत, चिन्ह %. हिलाच शेकडेवारी पण म्हणतात, आणि शाळेतल्या व्याजाच्या गणितातलं द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा, ते तर बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सूत्र एकच, भाग भागिले एकूण गुणिले शंभर. पण दुकानात उभं राहून कागद-पेन कोण काढतं, तिथे तोंडी हिशोबच कामाला येतो.

आधी १० टक्के काढायचे, बाकी सगळं त्यावरून निघतं. हॉटेलचं बिल ६४० झालं तर १० टक्के ६४, त्याच्या निम्मे ३२, हा झाला ५ टक्के जीएसटी (बिलावर तो सीजीएसटी आणि एसजीएसटी असा अडीच-अडीच टक्के फोडून छापतात). १८ टक्के हवेत तर २० टक्के काढून त्यातला दहावा भाग वजा करायचा, १५०० चे २० टक्के ३००, त्यातून ३० गेले, राहिले २७०. २५, ५०, ७५ साठी तर पाव, निम्मं, पाऊण आहेतच, ज्यांनी पावकी-निमकी पाठ केलीय त्यांना कॅल्क्युलेटर लागतच नाही. ५०० पैकी ४३८ मार्क असतील तर दुप्पट ८७६, एक घर सोडून टिंब, ८७.६ टक्के.

लोक फसतात ते शंभर नक्की कशाचे धरले हे न बघितल्यामुळे. साडीवर "५०+२० टक्के सूट" लिहिलेलं असतं आणि आपण मनात ७० धरून बसतो, पण २००० ची साडी आधी १००० ला येते आणि पुढचे २० टक्के त्या १००० वर, म्हणजे ८००, एकूण सूट ६० टक्केच. तसंच २० टक्के वाढवून परत २० टक्के कमी केले की १०० चे ९६ होतात. १८ टक्के जीएसटी धरून किंमत ११८० असेल तर टॅक्स ११८० चे १८ टक्के नसतो, ११८० ला ११८ ने भागून १८ ने गुणायचं, १८० येतात.

सगळ्यात महागात पडतो तो शेकडा. गावाकडे हातउसन्या पैशाचं व्याज अजूनही "तीन रुपये शेकडा" असं सांगतात आणि ऐकणाऱ्याला बँकेपेक्षा स्वस्त वाटतं, पण हा दर महिन्याचा असतो! १०,००० वर महिन्याला ३००, वर्षाला ३,६००, म्हणजे सरळ ३६ टक्के, आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरलं तर वर्षाअखेर १४,२५८ च्या आसपास द्यावे लागतात. म्हणून घेतानाच विचारायचं, दर महिन्याचा की वर्षाचा, आणि थकलं तर व्याजावर व्याज लावणार का.